रिपोर्टातला मणका

उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, अशी पद्धत महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या कंबरेला पाय लावला की उसण उतरते असे मानतात, आणि एरवी घरात ज्याला कोणी विचारत नाही अशा एखाद्या धाकट्या नातवाला त्या दिवशी अचानक मान मिळतो. या उपचाराला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो बहुतेक वेळा लागू पडतो. अचानक धरलेली कंबर काहीही केले किंवा काहीच केले नाही तरी बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत सैल होऊ लागते आणि सहा आठवड्यांत बरीचशी बरी होते. त्या काळात जो उपचार चालू असेल त्याच्या पदरात श्रेय पडते. पायाळूची लाथ, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, इंजेक्शन, कमरेचा पट्टा, वजन लावणे, या सगळ्यांची कीर्ती याच आयत्या बरे होण्यावर पोसलेली आहे. त्यांतली लाथ निदान फुकट मिळते.

मेख पुढे आहे. बरी होते ती त्या वेळची उसण. वर्षभराच्या आत दहापैकी सुमारे सात जणांची कंबर पुन्हा केव्हातरी धरते आणि थोड्यांची कायमची दुखत राहते. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक रोगभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींवर जाईल असे तोच अभ्यास सांगतो. माणसाला न मारता अधू करणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो. गेल्या काही दशकांत एमआरआय आले, स्क्रू आणि सळ्या बसवण्याच्या शस्त्रक्रिया आल्या, नवी वेदनाशामके आली, पण हा भार काही हलका झाला नाही. माझ्या मते याचे एक मोठे कारण असे, की आपण कंबरदुखीचा अर्थच चुकीचा लावत आलो. दुखते आहे म्हणजे काहीतरी मोडले आहे, आणि मोडले आहे म्हणजे जपले पाहिजे, हा तो अर्थ. त्यात घरच्या थोरांइतकाच डॉक्टरांचाही वाटा आहे.

आधी रचना थोडक्यात पाहू. कंबरेत पाच मणके असतात आणि शेजारच्या दोन मणक्यांमध्ये एकेक चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. गादीच्या बाहेर चिवट तंतूंची वलये असतात आणि आत पाणीदार गर. दिवसभराच्या भाराने गादीतले थोडे पाणी बाहेर पिळले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ती ते परत शोषून घेते. म्हणून सकाळी उठताना आपली उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण शेजारच्या मणक्यातून झिरपत येते, आणि भार येण्या-जाण्याने, म्हणजे हालचालीने, त्याला मदत होते. ही गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळे ती ‘सरकणे’ शक्य नाही. बाहेरच्या वलयांना चीर पडून आतला गर फुगवटा धरतो किंवा बाहेर येतो, आणि तो जवळच्या मज्जातंतूच्या मुळावर आला तर पायात कळ जाते. हे बहुधा शेवटच्या दोन गाद्यांत होते.

फुटलेल्या गादीने पायात कळ जाते हे वैद्यकाला कळले ते १९३४ मध्ये. बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले मेंदूशल्यविशारद विल्यम मिक्स्टर आणि अस्थितज्ज्ञ जोसेफ बार यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. पाठीच्या कण्यातून काढलेल्या ज्या गाठींना तोवर कूर्चेचे अर्बुद समजत असत, त्यांतल्या बऱ्याच गाठी म्हणजे फुटलेल्या गादीचेच तुकडे आहेत, हे त्यांनी दाखवले. शोध खरा होता आणि मोठा होता. पायात जाणाऱ्या कळेला प्रथमच डोळ्यांना दिसणारे कारण मिळाले आणि ते काढून टाकता येते हेही कळले. पण खरा शोध लागला की त्याचा हात लांब होतो. पायात कळ नसलेल्या, नुसत्या कंबर दुखणाऱ्या माणसाच्या दुखण्याचे खापरही गादीवरच फुटू लागले. आज स्थिती अशी आहे, की कंबरदुखीच्या दहापैकी नऊ रुग्णांत नेमक्या कोणत्या भागातून दुखते हे खात्रीने सांगता येत नाही. स्नायू, लहान सांधे, अस्थिबंध, गादी, कोणीही असू शकेल. डॉक्टरला हे रुग्णापाशी कबूल करायला जड जाते, आणि रुग्णाला ऐकायला तर त्याहून जड.

या अवघड जागी एमआरआय येऊन बसला. तालुक्याच्या गावीही आता सेंटर आहे, आणि फिल्मचे मोठे पाकीट डॉक्टरच्या आधी पेशंटच्या हातात पडते. आतल्या कागदावर इंग्रजीत झीज, फुगवटा, पाणी आटलेली गादी, नस दाबली जाण्याची शक्यता असे काहीबाही लिहिलेले असते. घरी येईतो त्याचे ‘मणक्यात गॅप आलाय’ असे झालेले असते. खरे तर गादी झिजली की दोन मणक्यांमधले अंतर वाढत नाही, कमी होते. पण तो भाग सोडून देऊ. महत्त्वाचा प्रश्न हा, की ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही त्यांचा एमआरआय काढला तर काय दिसेल?

हे १९९४ मध्ये अमेरिकेत करून पाहिले गेले. कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा होता आणि २७ टक्के लोकांत गादी एका बाजूला पुढे आलेली होती. सगळ्या गाद्या ठीकठाक असलेले जेमतेम ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांतल्या तीन हजारांवर निरोगी लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झाले. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या तरुणांपैकी ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसते आणि ऐंशीच्या घरातल्या लोकांत ती ९६ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे रिपोर्टातली झीज ही पुष्कळदा पिकलेल्या केसांसारखी असते. वय सांगते, आजार सांगत नाही. फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्या भावांच्या अभ्यासाने यात आणखी एक भर घातली. एक भाऊ आयुष्यभर अंगमेहनत करणारा आणि दुसरा बैठ्या कामाचा, तरी दोघांच्या गाद्यांची झीज बरीचशी मिळतीजुळती निघाली. झिजेत ओझ्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा.

एमआरआय खोटा नाही, तो जे आहे ते दाखवतो. मात्र तो वेदना दाखवत नाही. कोणाच्या रिपोर्टात तीन-तीन ठिकाणी फुगवटे असतात आणि तो माणूस दर वर्षी पायी आळंदीहून पंढरपूरला जाऊन येतो. कोणाचा रिपोर्ट चोख असतो आणि त्याला मोरीतली बादली उचलवत नाही.

मग दुखते ते काय? १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकिकत छापून आली होती. त्याने वरून उडी मारली ती थेट १५ सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर. खिळा बुटाच्या तळातून वर आलेला. नुसता धक्का लागला तरी तो कळवळत होता, म्हणून डॉक्टरांनी गुंगीचे तीव्र औषध देऊन खिळा उपसला आणि बूट काढला. खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता, पायाला ओरखडासुद्धा नव्हता. त्या माणसाच्या वेदना खोट्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. मेंदूपुढे जो पुरावा आला त्यावरून त्याने धोक्याचा अंदाज बांधला आणि धोका मोठा दिसला म्हणून वेदनाही मोठी दिली. कंबरेच्या बाबतीत ‘मणका गेलाय’, ‘वाकलास तर अपंग होशील’, ‘आमच्या चुलत्यांचे असेच सुरू झाले होते’ ही वाक्ये असा पुरावा पुरवण्याचे काम करतात. अपुरी झोप, घरातली ओढाताण, नोकरीतली कटकट यांचीही त्यात भर पडते. बोइंग या विमानांच्या कंपनीतल्या सुमारे तीन हजार कामगारांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना आपल्या कामात क्वचितच आनंद मिळत होता त्यांनी पाठीची दुखापत कळवण्याचे प्रमाण, ज्यांना तो जवळजवळ नेहमी मिळत होता त्यांच्या अडीच पट होते. याचा अर्थ ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असा लावणारे महाभाग असतात, विशेषतः साहेबांच्या खुर्चीत. तो चुकीचा आहे. दुखणे शरीरातच होते. त्याचा आवाज किती मोठा करायचा हे मज्जासंस्था ठरवते, आणि तिला बाकीच्या आयुष्याची खबर असते.

चुकीच्या अर्थाची सर्वांत जास्त किंमत आपण अंथरुणावर मोजली. कंबर दुखली की तीन आठवडे झोपून राहा, फळीवर झोपा, उठलात तर पट्टा बांधा, हा सल्ला दोन-तीन पिढ्यांनी शिरसावंद्य मानला. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी सुमारे दोनशे रुग्णांची विभागणी करून काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी पडले आणि बाकी कशातही ते मागे राहिले नाहीत. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग आणखी पुढे गेला. काहींना दोन दिवस झोपवले, काहींना कंबरेचे व्यायाम दिले आणि उरलेल्यांना ‘जमेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवा’ एवढेच सांगितले. सर्वांत लवकर सावरला तो हा शेवटचा गट. झोपवलेला गट सर्वांत मागे राहिला.

फळीचेही तसेच. २००३ मध्ये स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना झोपायला कडक किंवा मध्यम कडक गाद्या देऊन तीन महिने पाहिले. मध्यम कडक गादीवाल्यांना अधिक आराम पडला. तेव्हा कापसाची बरी गादी काढून फळीवर पडण्याचा हट्ट सोडायला हरकत नाही. ज्यांना जमिनीवर सतरंजी टाकून झोप लागते त्यांनीही ती मोडू नये. झोप लागणे जास्त मोलाचे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तर १९९७ पासून दोन-अडीच वर्षे टीव्हीवर मोहीमच चालवली. कंबर दुखली तरी हिंडते-फिरते राहा, कामावर जा, उठसूट एक्स-रे काढू नका, एवढाच तिचा मजकूर होता. नुकसानभरपाईचे दावे कमी झाले, लोकांची भीती कमी झाली आणि डॉक्टरांच्या समजुतीही बदलल्या. मोहीम नसलेल्या शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये असा बदल दिसला नाही.

इथे एक हिशेब स्वच्छ ठेवला पाहिजे. ‘हलते राहा’ हा सल्ला खुर्चीत बसून दुखणाऱ्या कंबरेला ठीक आहे. दिवसभर ऊस तोडून मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवणाऱ्या बाईला, किंवा जुलैच्या पावसात वाकून भाताची लावणी करणारीला तो सांगणे म्हणजे थट्टा होईल. जड ओझे, सतत वाकणे आणि वाकून वळणे यांनी कंबर धरण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. तिला हवे ते हलके ओझे, मधली विश्रांती आणि दुखऱ्या दिवशी मजुरी न बुडण्याची हमी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच एका पुरुषाने वाहायचे ओझे ५५ किलोपर्यंत खाली आणावे अशी शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. तरीही क्विंटलभराची पोती पाठीवर वाहण्याचे दिवस आपल्याकडे फार जुने झालेले नाहीत. या कंबरांचा इलाज फिजिओथेरपीच्या खोलीत मिळणार नाही.

आता ज्या वेळी थांबायचे नाही त्या वेळेविषयी. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, संडासच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याच्या आसपास संपतो आणि त्याखाली मज्जातंतूंचा जुडगा असतो. तो सगळाच चेपला गेला तर काही तासांचा उशीरही कायमचा महाग पडतो. दुसरा धोका आपल्याकडे विशेष आहे: मणक्याचा क्षय. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे आणि विश्रांतीतही न थांबणारा ठणका, असे जुळून आले तर एमआरआयला मागेपुढे पाहू नये. पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणे, पडणे, अपघात, यांनाही तोच नियम. साठीपुढच्या बाईला एसटीच्या मागच्या बाकावर बसलेला दणकासुद्धा ठिसूळ मणका दबायला पुरतो. आणि चाळिशीच्या आतला तरुण पहाटे पाठ आखडून जागा होत असेल, उठल्यावर अर्धा तास वाकवत नसेल आणि हिंडल्यावर मात्र मोकळे वाटत असेल, तर त्याने संधिवाततज्ज्ञाला दाखवावे. हा दाहाचा वेगळा आजार असतो आणि त्याला वेगळी औषधे आहेत. अशी मुले चार-पाच वर्षे ‘गॅप’च्या नावाखाली फिरत राहतात, ते टाळता येण्याजोगे आहे.

सायटिकाचे थोडे निराळे. कुल्ह्यातून पोटरीपर्यंत जाणारी कळ, मुंग्या, बधिरता असली तर मुळावर दाब आहे असे मानायला जागा असते. इथेही घाई नडते. नेदरलँड्समध्ये काही आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना थांबवले. २००७ मध्ये निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत बरे झालेल्यांचे प्रमाण सारखेच, ९५ टक्के होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मात्र शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली, हेही सांगायला हवे. कळ सोसवत नसेल तर शस्त्रक्रिया हा चांगला मार्ग आहे. सोसवत असेल तर शरीराला वेळ द्यायलाही हरकत नाही, कारण बाहेर आलेला गर शरीराच्या संरक्षक पेशी हळूहळू खाऊन टाकतात. यातली गंमत अशी, की तुटून वेगळा पडलेला मोठा तुकडा साध्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. रिपोर्टात जे सर्वांत भयंकर दिसते तेच पुष्कळदा आपोआप जाते.

औषधांवर फार लिहीत नाही, कारण फार सांगण्यासारखे नाही. नव्या कंबरदुखीत पॅरासिटामॉलचा उपयोग साध्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त होत नाही, हे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक रुग्णांवर दिसले. अफूवर्गीय औषधांचीही गत तीच निघाली. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांनी थोडा फरक पडतो; पण मूत्रपिंड, रक्तदाब किंवा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी ती मेडिकलच्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. शेक घ्यावा, बरे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या कंबरदुखीसाठी पट्टा, वजन लावणे आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांची शिफारस केलेली नाही. व्यायाम, नीट समजावून सांगणे आणि मसाज यांची केली आहे.

कोणता व्यायाम, यावर मात्र घराघरांत वाद असतो. भुजंगासन का पवनमुक्तासन, योग का जिम? बॉस्टनमधल्या ३२० रुग्णांच्या एका तुलनेत योगवर्ग आणि फिजिओथेरपी सारखेच उपयोगी ठरले. जो रोज होईल तो व्यायाम चांगला. आणि सर्वांत स्वस्त उपाय तर चपला घालून बाहेर पडण्याचा आहे. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ ऑस्ट्रेलियन लोकांवरचा प्रयोग २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. ज्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावले, त्यांचे दुखणे परतायला मध्यकाने २०८ दिवस लागले. ज्यांना असे काही सांगितले नव्हते त्यांचे ११२ दिवसांत परतले.

तेव्हा पुन्हा कंबर धरली आणि वरच्यांपैकी एकही धोक्याची खूण नसली, तर पहिल्या दिवशी घरातल्या घरात, दुसऱ्या दिवशी अंगणात, चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जा. थोडे दुखेल, पण त्याने काही मोडत नाही. वाकायला भिऊ नका. वाकणे हे कंबरेचे कामच आहे. मांडी घालून बसायची सवय असेल तर बसा, फक्त एकाच स्थितीत तासभर राहू नका. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर त्यांना आदराने विचारा, ‘यात काहीही निघाले तरी माझ्या उपचारात काय बदल होईल?’ बदल होणार असेल तर जरूर काढा. होणार नसेल तर तेवढ्या पैशांत चालायचे चांगले बूट येतात.